ब्रेकचं तेल

बशीतली रबरी वाटी एका रात्रीत फुगली होती.

आबांनी ती चिमटीत धरून माझ्यासमोर केली. "सर्जा, बघ रं जरा. काल ठेवली तवा एवढी हुती का ही?"

मी नुकतंच गॅरेजचं शटर वर केलं होतं. सकाळचे साडेसात वाजून गेले असतील. वाटी हातात घेतली तर ती मऊ, बिलबिलीत लागली. काल हीच वाटी बोटाने दाबली तर चटकन जागेवर येत होती. हिंदुराव चौगलेच्या जीपला नवा मास्टर सिलिंडर बसवताना रबरकिटात ती एक जादा निघाली होती. वाळून कडक होऊ नये म्हणून आबांनी ब्रेकच्या तेलात बुडवून ठेवली होती. जे तेल जीपमध्ये भरलं, तेच बशीत.

आबांनी बशीतलं तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. मग बोटं नळाखाली धरली. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून जातं, पण हे गेलं नाही. पाण्यावर त्याचे थेंब तरंगत मोरीकडे गेले.

"हे ब्रेकचं न्हाई," आबा म्हणाले. "हे ट्रॅक्टरचं हाय."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काल मी कुटला डबा घेटला?"

आमच्या फळीवर एकसारखे दोन डबे असायचे, दोन्ही काळपट पत्र्याचे. त्यातल्या ब्रेकच्या तेलाच्या डब्यावर आबांनी स्वतः ब्रशने लाल पट्टा ओढला होता. त्यात दुसरं काहीही घालायचं नाही, हा त्यांचा गॅरेजमधला एकमेव नियम. दुसऱ्या डब्याला पट्टा नव्हता. त्यात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल.

आबांचं वय तेव्हा एकसष्ट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते कबूल करायचे नाहीत, पण नट शोधताना आधी हाताने चाचपायचे आणि मग बघितल्यासारखं करायचे.

मी फळीपाशी गेलो, डबा उचलला, पुन्हा ठेवला.

"पट्टा नसलेला घेतलात, आबा," मी म्हणालो.

वाटी अजून माझ्या हातात होती. त्यांनी ती काढून घेतली, बशीत ठेवली आणि विचारलं, "हिंदू कवा गेला?"

"सातला. स्टँडवर माणसं भरून फोंड्याला."

"गाडी काढ."

*

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा आमचं गॅरेज राधानगरीच्या रस्त्याला होतं आणि गाव त्याला माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावाने, केरबा मिस्त्रीचं गॅरेज म्हणायचं. मी आयटीआय करून दोन वर्षं पुण्यात काम करून परत आलो होतो आणि अंगात नवं रक्त होतं. हिंदुरावची जीप जुनी होती. घाट चढताना तिचं पाणी उकळायचं आणि दर दोन वळणांना उतारू खाली उतरून चालायचे. मीच त्याला म्हटलं, "इंजिन बदल. डिझेलचं मोठं टाकू, मोठा रेडिएटर बसवू. चढाला थांबायचंच काम नाही." बारा दिवस मी त्या गाडीवर राबलो. इंजिनाचे पाय नव्याने वेल्डिंग केले, गिअरबॉक्स खोलून भरली, स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

आबांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, "पळायची ताकद वाढवलीस, आता थांबायची वाढव." आणि ब्रेकचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. नवा मास्टर सिलिंडर, बूस्टर, चारी चाकांची लायनिंग. ब्रेकचं काम ते कधी कुणाला द्यायचे नाहीत. मला तर नाहीच. संध्याकाळी हिंदुराव गाडी फिरवून आला, पायाने नुसतं टेकवलं तरी गाडी जागेवर थांबत होती. तो हसून म्हणाला, "काका, आता डोळं झाकून घाट उतरतो."

ट्रॅक्टरचं तेल ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. पहिल्या दिवशी काही कळत नाही. गाडी तापली की फुगणं वाढतं. मग ब्रेक दाबला तर सुटत नाही, चाकं घासत राहतात, तापतात, आणि शेवटी सिलिंडरमधली फुगलेली वाटी फाटते. मग पाय दाबला तर थेट पत्र्याला टेकतो. हे सगळं व्हायला लागणारा वेळ आणि राधानगरीहून फोंडा घाटाच्या तोंडाशी पोचायला लागणारा वेळ साधारण सारखाच होता.

*

आबा मागे बसले. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. दाजीपूरपर्यंतचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा. मी मोटारसायकल पळवत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो हात खांद्यात रुतत होता.

"वाटंत किती ठिकाणी थांबतो त्यो?" त्यांनी कानाशी ओरडून विचारलं.

"तीन-चार. माणसं घेत घेत जातो."

"मग गावंल."

थोड्या वेळाने पुन्हा, "गावंल न्हवं?"

"हो आबा."

त्या काळी वाटेत फोन नव्हता. कुणाला कळवणार आणि कसं? समोरून येणारा एक ट्रक मी हात करून थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, निळी जीप मघाशी भेटली, लई जोरात होती, नवं इंजिन घातलंय वाटतं. जुनं इंजिन असतं तर हिंदुराव अजून निम्म्या वाटेत असता.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

"पुढं आहे म्हणाला."

जंगल लागलं. रस्त्यावर सावली आली आणि एकदम गार झालं. आबा पाठीमागे काहीतरी पुटपुटत होते. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मग शब्द कळले. "हाताला कळाय पायजे हुतं. बोटाला कळाय पायजे हुतं. चाळीस वरसं..."

"आबा, गप्प बसा."

"चाळीस वरसं हात घातला त्या तेलात, आनि काल कळलं न्हाई?"

"सर्दी होती तुम्हाला. वास आला नसेल."

"सर्दी नाकाला हुती. बोटाला न्हवती."

मी वेग वाढवला. तेव्हा मला एक गोष्ट बोलता आली असती. रस्ता रिकामा होता, कानाशी त्यांचं तोंड होतं आणि आम्ही दोघंच होतो. मी बोललो नाही. मनाला म्हटलं, आधी जीप गाठू, मग बाकीचं.

घाटाच्या माथ्यावर एका बाईची चहाची टपरी होती. बाई फडक्याने बाकडं पुसत होती. मी गाडी थांबवता थांबवताच ओरडलो, "निळी जीप?"

"गेली की."

"कधी?"

"दोन-तीन मिंटं झाली आसतील. करपल्याचा वास मारत हुता तिला. चाकास्नी पानी मारलं त्यांनी चार बादल्या. मग बरं वाटलं म्हनाले, निगाले." तिने आबांकडे बघितलं. "का वो? काय झालं?"

आबा गाडीवरून उतरले होते. त्यांनी बाकड्यावर हात टेकला. "पानी मारलं म्हंजे थंड झालं, सुटलं आसतील जरा," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "त्याला वाटलं आसंल, झालं नीट."

"आबा, बसा लवकर."

ते बसेनात. दोन्ही हात जोडून ते दरीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्या दंडाला धरून ओढलं, तेव्हा कुठे बसले.

घाट उतरताना मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. पहिलं वळण मोकळं. दुसरं मोकळं. तिसऱ्या वळणावरून खालचा रस्ता दिसतो. तिथे मला जीपचा निळा टप दिसला, झाडांतून सरकताना. ती अजून रस्त्यावर होती.

"दिसली!" मी ओरडलो. "आबा, दिसली, नीट आहे!"

त्यांचा हात माझ्या खांद्यावर एवढा घट्ट झाला की मला कळ लागली. हॉर्न चालूच होता, आम्ही दोघांनीही हाका मारल्या. मागच्या सीटवरच्या कुणीतरी हात बाहेर काढून हलवला. ओळखीचं कुणी हाक मारतंय असं त्याला वाटलं असावं.

आणि मग जीपचा आवाज बदलला. हिंदुरावने खालचा गिअर टाकला होता. इंजिन किंचाळलं. मी ते इंजिन बारा दिवस ऐकलं होतं, त्याचा तो आवाज मला माहीत नव्हता. पुन्हा एक गिअर खाली. जीप वळणामागे गेली.

मग डोंगरावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायका ओरडल्या.

*

हिंदुरावने गाडी दरीकडे जाऊ दिली नव्हती. डाव्या अंगाला डोंगर, त्याच्या कडेने पाण्याची चरी. ती चरी धरून त्याने जीप डोंगरावर घातली होती. पुढचं चाक चरीत उतरलं होतं, बॉनेट दगडात शिरलं होतं. चारी चाकांतून धूर येत होता आणि सगळीकडे जळक्या लायनिंगचा उग्र वास. अकरा माणसं होती. रस्त्यावर बसून कुणी रडत होतं, कुणाचं डोकं फुटलं होतं. एक म्हातारा हात पोटाशी धरून कण्हत होता. एका बाईच्या कडेवर लहान पोर होतं, ते मात्र शांत होतं आणि सगळ्यांकडे बघत होतं.

पुढे स्टिअरिंगखाली हिंदुराव अडकला होता. पेडल आणि आत दबलेल्या पत्र्याच्या मध्ये त्याचा उजवा पाय सापडला होता. तो शुद्धीवर होता. आबांना बघून त्याचा चेहरा उजळला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आपला मिस्त्री आला, आता काढेल, असं त्याला वाटलं.

"काका," तो म्हणाला, "ब्रेक दाबला तर पाय पार खाली गेला वो. पार खाली. तुमीच केलं हुतंसा न्हवं?"

आबा दारात उभे होते. "व्हय," ते म्हणाले. "मीच केलं हुतं."

मी जॅक काढला. जीपच्या मागे तो होता, मीच ठेवला होता. आबांनी चाचपत पत्र्याची कड शोधली, दगड रचला, जॅक लावला आणि मला म्हणाले, "मार." मी दांडा मारत गेलो. पत्रा एकेक बोट वर आला. हिंदुराव आधी ओरडत होता, मग त्याचा आवाज बंद झाला. पाय बाहेर आला तेव्हा घोट्याखाली पायाचा आकार राहिला नव्हता. आबांनी डोक्याचा पटका सोडून त्याने तो पाय बांधला. खालून येणाऱ्या टेम्पोत सगळ्यांना घातलं. मी आणि आबा तिथेच राहिलो, टेम्पोत जागा नव्हती.

आबा चरीच्या कडेला बसले. त्यांच्या हातांना रक्त आणि काजळी लागली होती.

"माझ्या डोळ्यांनी अकरा माणसं मारली आसती, सर्जा," ते म्हणाले.

*

पाचव्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात आम्ही त्याला भेटायला गेलो. घोट्याच्या वर पाय काढावा लागला होता. त्याची बायको शालन कॉटच्या कडेला उभी होती, भाऊ होता, गावातली चार माणसं होती. आबा आत गेले आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी कॉटच्या पायथ्याशी वाकून, उरलेल्या पायावर डोकं ठेवलं.

"काका! काका, काय करताय?" हिंदुराव उठायला बघत होता. "तुमी मोटं हाय. आसं करू नका."

"मला दिसत न्हवतं," आबा डोकं न उचलता म्हणाले. "दिसत न्हवतं आनि मी सांगितलं न्हाई कुनाला. पट्ट्याचा डबा सोडून दुसरा घेटला. तुझा पाय मी खाल्ला, हिंदू."

शालनने तोंडाला पदर लावला. मी दाराशी उभा होतो.

त्या डब्यावर लाल पट्टा होता.

आबांनी बरोबर डबा घेतला होता. नेहमीच्या जागेवरचा, नेहमीचा, चाळीस वर्षांच्या सवयीने. चूक डब्याची नव्हती आणि त्यांच्या डोळ्यांचीही नव्हती. शनिवारी एक ट्रॅक्टरवाला घाईत आला होता. हायड्रॉलिकच्या तेलाचा मोठा कॅन गळायला लागला, बिनपट्ट्याचा डबा भरलेला होता, आणि लाल पट्ट्याचा डबा रिकामा दिसला. मी उरलेलं तेल त्यात ओतलं. नवीन ब्रेकचं तेल कपाटात आहे, सोमवारी डबा धुऊन घेऊ, असं ठरवलं आणि विसरलो. बशीतली वाटी बघताक्षणी मला ते आठवलं होतं. फळीपाशी गेलो तेव्हा तो पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि मी म्हणालो होतो, पट्टा नसलेला घेतलात.

दवाखान्यातही मी बोललो नाही. आबा उठले, त्यांना उठायला हिंदुरावच्या भावाने हात दिला.

घरी आल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. पुन्हा गॅरेजमध्ये आले नाहीत. घरात पाटावर बसून राहायचे. डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हटलं तर म्हणायचे, "कशाला? आता काय बघायचं राहिलंय?" डॉक्टरांनी सांगितलं, आईने सांगितलं, मी सांगितलं. अडीच वर्षं त्यांनी ते होऊ दिलं नाही. एवढ्या वर्षांत कुणावर चिडून बोललो नसेन तेवढा मी त्या काळात आईवर चिडलो. तिला कारण कळायचं नाही.

शेवटी आईच आजारी पडली, तिला कोण बघणार म्हणून ते तयार झाले. ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्याच्या पंधराव्या दिवशी ते गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. मी एका जीपखाली होतो. त्यांनी पान्यांच्या फळीकडे बघितलं, एक पाना उचलला, परत ठेवला.

"नजर आली रं," ते म्हणाले, "पन हात धजत न्हाई."

मी जीपखालून बाहेर आलो आणि उभा न राहता, तिथेच जमिनीवर बसून, त्यांना सगळं सांगितलं. शनिवारचं, ट्रॅक्टरवाल्याचं, फळीपाशी काय बघितलं ते. खाली मान घालून सांगितलं. संपल्यावर मला वाटलं ते मारतील, आणि मारलं तर बरं होईल.

त्यांनी एवढंच विचारलं, "हिंदूला ठावं हाय?"

"नाही."

"चल."

हिंदुराव तेव्हा गावात पिठाची गिरणी चालवत होता. डिझेलच्या इंजिनावर. आम्ही पोचलो तेव्हा ते सुरू होतं आणि तीन ठोक्यांनंतर एक ठोका खात होतं. आबांनी दारातच कान दिला. हिंदुराव लाकडी पाय टेकत बाहेर आला. शालनने इंजिन बंद केलं. आबांनी मला पुढे केलं.

मी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यापेक्षा हे अवघड गेलं, कारण तो मध्येमध्ये माझ्याकडे नाही, आबांकडे बघत होता. मी गप्प झालो तेव्हा त्याच्या कपाळावरची शीर ताठली होती. तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. शालन आत पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"शालन," तो शेवटी म्हणाला, "काकास्नी चा टाक."

एकच कप आला. आबांनी तो घेतला, बशीत ओतून, सावकाश, सगळा प्यायला. मला कुणी विचारलं नाही, आणि आबांनीही बशी माझ्याकडे केली नाही. पिऊन झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या आणि गिरणीच्या आत बोट केलं.

"कवापासनं ठोका खातंय?"

"म्हैना झाला," हिंदुराव म्हणाला. "कुनाला जमंना."

"नोझल खराब झालं आसंल. पानं हायत घरात?"

"हायत की."

"चौदा-पंधराचा पाना दे."

हिंदुरावने पाना आणून दिला. आबांनी तो हातात तोलला, धोतर आवरलं आणि इंजिनापाशी उकिडवे बसले. हिंदुराव काठी भिंतीला लावून त्यांच्या शेजारी खाली बसला. दोघांची पाठ माझ्याकडे होती. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो. दळण घेऊन आलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

तासाभराने आतून आबांचा आवाज आला, "मार हँडल." शालनने हँडल मारलं. इंजिन दोनदा खाकरलं आणि सुरू झालं, एकसारखं. आत कुणीतरी हसलं, बहुतेक हिंदुराव. मी उठलो नाही.